पान लागलं की आधी गाडी, पाल्याचं नंतर बघू

मृगाचा पाऊस पडला की बांधावरची बिळं पाण्यानं भरतात. बिळातलं जनावर कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतं. नेमक्या त्याच दिवसांत पेरणी, कोळपणी, निंदणी, फवारणी अशी एकामागून एक कामं निघतात आणि आपणही दिवस उगवल्यापासून रानातच असतो. माणसाची आणि सापाची गाठ पडण्याचे हेच चार महिने. पुढं सोयाबीन काढून ढीग लावला की त्या ढिगाखाली पुन्हा तोच पाहुणा.

आपल्याकडं रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. चावला असंसुद्धा म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. पान लागलेल्या माणसाला उचलून मारुतीच्या देवळात आणायचं, निंबाचा पाला चावायला द्यायचा, वर हिरवी मिरची द्यायची. पाला कडू लागला, मिरची तिखट लागली तर विषारी नाही. गोड लागला तर विष चढलं. मग जाणत्याला बोलावणं. तो येताना कमरेच्या धोतरात एखादी मुळी बांधून आणतो, उगाळून पाजतो, दंशाच्या जागी लावतो, कानात-नाकात रस पिळतो. तोवर दोन-तीन तास सहज जातात. मिरचीसाठी दूरवर नाव असलेल्या आपल्या धर्माबादेत मिरचीनं विष पारखावं याची मला तरी गंमत वाटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या जिभेवर भरवसा ठेवून त्याच्या जिवाचा निकाल लावायचा, हा कुठला न्याय?

आज त्या पाल्याबद्दल आणि मुळ्यांबद्दलच लिहायचं आहे. या वनस्पती टाकाऊ आहेत असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पाला देणारा प्रत्येक वैदू लुटारू असतो असंही म्हणणार नाही. कित्येक जण एक पैसा न घेता अर्ध्या रात्री उठून येतात. पण या पाल्याची जागा कोणती, हे एकदा शांतपणे बघितलं पाहिजे.

आपल्या शिवारात सापाच्या विषावर म्हणून कोणकोणत्या वनस्पती वापरतात? सर्पगंधा तर नावातच आहे. सापसण, जिला ईश्वरी म्हणतात, तिची मुळी. कळलावी, म्हणजेच खड्यानाग, तिचा कंद. उपळसरी ऊर्फ अनंतमूळ. आघाडा. रुईचा चीक. द्रोणपुष्पीचा, म्हणजे तुंब्याचा रस. कुठं खाजकुहिलीचं बी, कुठं अंकोलाची साल. ही परंपरा कालची नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पविषावर अध्यायच आहेत. सुश्रुतानं सापांचे गट पाडले ते बघा: फणा काढणारे ते दर्वीकर, अंगावर मंडलं असणारे ते मंडली, पट्टे असणारे ते राजिमंत. आज डॉक्टर ज्यांना नाग, घोणस आणि मण्यार म्हणतात, तीच ही वाटणी. ज्या माणसानं इतक्या जुन्या काळी एवढं बारकाईनं बघितलं, त्याला अडाणी म्हणायची माझी छाती नाही.

मग अडचण कुठं आहे? एक उदाहरण आपल्या धंद्यातलंच देतो. ज्या कपाशीवर बोंडअळी आलेलीच नाही, तिच्यावर नुसती राख फुंकली तरी आठ दिवसांनी अळी दिसत नाही. म्हणून राखेनं बोंडअळी मेली असं आपण म्हणतो का? प्रात्यक्षिक घेताना शेजारी एक विनाफवारणीचा वाफा ठेवायचा असतो, तो यासाठीच. सापाच्या बाबतीत हा शेजारचा वाफा कुणी ठेवतच नाही. आपल्या रानात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर, गवत्या, कुकरी, डुरक्या घोणस यांपैकी कोणीही चावलं तरी माणूस मरत नाही. शिवाय नाग-घोणस चावले तरी दर वेळी विष सोडतातच असं नाही. पुष्कळदा दंश कोरडाच जातो. म्हणजे जाणत्याकडं दहा माणसं नेली तर त्यातली बरीचशी काहीही न करता उठून बसणारच. श्रेय मुळीला जातं. आणि जो मरतो त्याच्याबद्दल काय म्हणतात? "आणायला उशीर झाला," "त्याची दोरीच तुटली होती." मुळी कधी हरत नाही, कारण तिचा हिशेबच ठेवलेला नाही.

आता शास्त्रज्ञांनी हा हिशेब ठेवायचा प्रयत्न केला आहे, तो सांगतो. आपल्या देशातल्याच प्रयोगशाळांत हे काम झालं. म्हैसूरच्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं की सापसणीच्या कुळातल्या वनस्पतींत सापडणारं ॲरिस्टोलोकिक आम्ल घोणसाच्या विषातल्या एका घटकाला अडवतं. कलकत्ता विद्यापीठात अँटनी गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अनंतमुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि ते घोणसाच्या विषाचे काही परिणाम उंदरांमध्ये थोपवतं असं मांडलं. खाजकुहिलीच्या बियांवर नायजेरिया आणि मलेशियातल्या मंडळींनी काम केलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी निवडलेल्या मुळ्यांत काही ना काही आहे हे खरं.

पण हे प्रयोग कसे झाले ते नीट ऐका. बऱ्याच प्रयोगांत विष आणि वनस्पतीचा अर्क आधी एका नळीत एकत्र केले, थोडा वेळ ठेवले आणि मग ते मिश्रण उंदराला टोचलं. खाजकुहिलीच्या प्रयोगात तर उंदरांना अर्क तीन आठवडे आधीपासून टोचला होता. आता मला सांगा, साप चावण्याच्या तीन आठवडे आधी कोण औषध घेऊन बसतं? बाटलीत अळी बुडवली तर कुठल्याही औषधानं मरते, पण बोंडाच्या आत शिरलेली अळी त्याच औषधाला दाद देत नाही, हा अनुभव आपल्याला आहेच. विषाचं तसंच आहे. दात लागले की विष मांसात, रसवाहिन्यांत आणि रक्तात पसरतं. आपण पाजलेली मुळी पोटात जाणार, पचणार, त्यातला कण-दोन कण रक्तात उतरणार, तोही तासाभरानं. शिवाय मुळीची ताकद सारखी नसते. काळ्या रानातली वेगळी, मुरमाडातली वेगळी, पावसाळ्यात उपटलेली वेगळी, उन्हाळ्यातली वेगळी. हळदीत कुरकुमिन किती उतरलं हे वाणावर आणि जमिनीवर ठरतं, तर सापसणीचं माप चिमटीनं कसं ठरणार?

आणि सापसणीचं पुढचं ऐकलंत तर अंगावर काटा येईल. जे ॲरिस्टोलोकिक आम्ल नळीत विषाला अडवतं, तेच माणसाच्या मूत्रपिंडाची नासाडी करतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. पुढं त्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आज जागतिक पातळीवर हे द्रव्य कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. घोणस चावली की मुळात मूत्रपिंडच धोक्यात येतं. त्यात वरून ही मुळी पाजायची, म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधायचा.

कळलावी तर उघड विष आहे. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. हे द्रव्य फार कामाचं आहे, संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर ते मोजून देतात, आणि तमिळनाडूत शेतकरी कळलावीची लागवड करून तिचं बी औषध कंपन्यांना विकतात. पण कंद उगाळून पाजला तर उलट्या, जुलाब आणि पुढं मृत्यूसुद्धा. साप बिनविषारी होता आणि माणूस औषधानं गेला, असं होऊ शकतं.

राहिली सर्पगंधा. तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर ही मुळी दिली, शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये तो अनुभव ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन निघालं आणि जगभर रक्तदाबाचं औषध झालं. म्हणजे सापाच्या नावानं हजारो वर्षं ओळखली गेलेली वनस्पती शेवटी कामाला आली ती रक्तदाब उतरवायला. घोणसाच्या विषानं आधीच रक्तदाब घसरलेल्या माणसाला ती पाजण्यात काय शहाणपण आहे, ते तुम्हीच ठरवा. वनस्पतीचा मान ठेवायचा तर तिचं खरं काम कोणतं ते शोधून ठेवावा.

आता विष काय करतं ते थोडक्यात. आपल्या भागात चार विषारी साप महत्त्वाचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे रक्त बिघडवतात. दंशाची जागा सुजते, ठणका लागतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, रक्त गोठतच नाही. शिवेपलीकडची तेलुगू मंडळी घोणसाला 'रक्तपिंजर' म्हणतात. नावातच रोगाचं लक्षण सांगून टाकलं आहे. नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर घाव घालतात. पापण्या जड होतात, वर उचलत नाहीत, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. इथं पाल्याचा आणखी एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ज्याचा घसाच ढिला पडला आहे त्याच्या तोंडात पाला कोंबला, रस ओतला, तर तो पोटात न जाता श्वासनळीत जातो. विषानं न मरणारा माणूस त्या रसानं गुदमरतो. म्हणून तोंडानं काहीही द्यायचं नाही. निंबाचा पाला नाही, मिरची नाही, तूप नाही, कॉफीही नाही.

मण्यारीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सर्वांत फसवी तीच. ती रात्री फिरते, उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. माणसाला वाटतं डास चावला, मुंगी चावली. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, उलटी होते. घरचे म्हणतात रात्रीचं शिळं बाधलं. सकाळी पापण्या उघडत नाहीत तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याच्या पापण्या जड वाटल्या, तर साप दिसला नसला तरी मण्यार चावली असंच समजा आणि निघा. मण्यार आणि कवड्या यांत घोटाळा होतो म्हणून ओळख सांगतो. मण्यार काळी-निळसर चमकदार असते, तिच्या पांढऱ्या रेघा डोक्यापासून थोड्या अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच असतात आणि शेपटीकडं पुसट होतात. मात्र ही ओळख कंदिलाच्या उजेडात करत बसायची नाही. साप मारायच्या, पकडायच्या नादात दुसऱ्याला दंश होतो. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी बिघडत नाही, कारण औषध एकच आहे.

ते औषध म्हणजे प्रतिसर्पविष लस. विषाची अगदी थोडी-थोडी मात्रा घोड्याला टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारक अशी द्रव्यं तयार होतात, ती काढून, शुद्ध करून कुप्या भरतात. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात ही वाट दाखवली. आपल्याकडं मुंबईच्या हाफकिनचं नाव या लसीशी जोडलेलं आहे, आणि लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं. पूर्वी साप पकडून कातड्यावर पोट भरणारे हे लोक १९७८ पासून सापाचं विष काढून साप परत रानात सोडतात. पारंपरिक ज्ञानाचा असा उपयोग बघायला मला फार आवडतो. ही एकच लस आपल्या चारही सापांवर चालते. ती शिरेतूनच द्यायची असते, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि लेकराला आणि मोठ्याला मात्रा सारखीच, कारण सापानं लेकरू बघून विष कमी सोडलेलं नसतं. काहींना या लसीची रिॲक्शन येते, म्हणून ती दवाखान्यातच द्यावी लागते. "गावातल्या डॉक्टरकडून एक सुई टोचून घेतली" असं कुणी म्हणालं तर ती बहुधा धनुर्वाताची सुई असते. सापाच्या विषाशी तिचा काही संबंध नाही. नाग-मण्यारीच्या दंशात श्वास थकला तर यंत्रावर ठेवावं लागतं, आणि तशी सोय म्हणजे आपल्यासाठी नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय किंवा शिवेपलीकडं निजामाबाद.

खेड्यात हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या मुखेडकडं बघावं. तिथं डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण बरे केले आणि दहा वर्षांचा हा अनुभव २००५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात प्रसिद्ध केला. मोठं शहर नाही, मोठी यंत्रणा नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघांनीही एक गोष्ट केली जी आपल्या जाणत्यांनी केली नाही: जगलेल्याचीही नोंद ठेवली आणि मेलेल्याचीही.

देशाची नोंद काय सांगते? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या २०११च्या अभ्यासात दिसलं होतं की सर्पदंशानं गेलेल्या शंभरातले सत्त्याहत्तर जण दवाखान्याबाहेर गेले. मरणारे कोण? खेड्यातले, राबणारे, ऐन उमेदीतले. निम्मे मृत्यू जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत. म्हणजे आपलेच, आणि आपल्याच हंगामात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लोक देवळात का जातात? कारण देवळाचं दार रात्री उघडं असतं आणि दवाखान्याचं कधी कधी नसतं. एका सरकारी दवाखान्यात रात्री अकरा वाजता नेलेल्या रुग्णाला "लस संपली, पुढं न्या" एवढंच ऐकवलेलं मी स्वतः बघितलं आहे. सुईही नाही, गाडीही नाही, कागदही नाही. अशा माणसाच्या घरच्यांना दुसऱ्या खेपेला मुळीवाला जवळचा वाटला तर दोष कुणाचा? दवाखाना सुधारला नाही तर असे शंभर लेख लिहून उपयोग नाही. म्हणून हा लेख शेतकऱ्यांइतकाच सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक आणि तलाठी) यांच्यासाठीही आहे.

केंद्र शासनानं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. कागद चांगला आहे. आता ग्रामसभेत साधा प्रश्न विचारायला हवा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आज किती कुप्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, आणि रात्री त्या देणारा कोण? मृगाआधीच्या ग्रामसभेत हा प्रश्न इतिवृत्तात घ्या. बियाणं-खताच्या दुकानाबाहेर साठ्याचा फलक लावायला आपण सांगतो, तसा कुप्यांचा फलक आरोग्य केंद्रात का नको? रक्त गोठतं का नाही हे बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं स्थिर ठेवायचं आणि मग तिरकं करून बघायचं. पातळच राहिलं तर विष रक्तात आहे. एवढी नळी तरी प्रत्येक केंद्रात हवी.

दुसरं, जाणत्याला हिणवू नका, त्याला कामाला लावा. पान लागलं की घरचे डॉक्टरच्या आधी त्याच्याकडं जातात, हे वास्तव आहे. मग त्यानंच सांगावं की मी गाडीत बसतो, वाटेत माझा मंत्र म्हणतो, पण आधी १०८ ला फोन लावा. रुग्णाचा धीर सुटू न देणं हे फार मोठं काम आहे आणि ते जाणता उत्तम करतो. मात्र जो दवाखान्यात जाऊच देत नाही, अडवून धरतो, त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस पाटलांनी हे एकदा दवंडी देऊन सांगावं, म्हणजे कुणावर कायदा चालवायची वेळ येणार नाही.

गाडी येईपर्यंत काय करायचं? माणसाला चालू-पळू द्यायचं नाही. अंगठ्या, जोडवी, तोडे, बांगड्या आधी काढायच्या, सूज आल्यावर निघत नाहीत. हाडं मोडल्यावर बांधतो तशी फळी किंवा काठी लावून तो हात-पाय सैल फडक्यानं बांधून स्थिर ठेवायचा. घट्ट दोरी आवळायची नाही. "सुश्रुतानं बांधायला सांगितलंय की" असं एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला ऐकवलं. सांगितलंय, खरं आहे. पण तेव्हा लस नव्हती. आज घट्ट बांधलेला पाय रक्ताविना काळा पडतो, आणि दवाखान्यात दोरी सोडली की साचलेलं विष एकदम वर धावतं. चिरायचं नाही, चोखायचं नाही, काळा खडा लावायचा नाही. १०८ ला उशीर होत असेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढं, रुग्ण मधे, धरणारा मागं. दंश झाल्याची वेळ कुणीतरी हातावर लिहून ठेवावी. लक्षणं नसली तरी चोवीस तास दवाखान्यातच राहावं. परत आल्यावर अशक्तपणासाठी अनंतमुळाचा काढा प्यायचा असेल तर डॉक्टरला विचारून खुशाल प्या, माझी काही हरकत नाही.

आता माझ्या खात्याशी संबंधित भाग. सर्पदंशानं शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला दोन लाख रुपये मिळतात. सातबारा नावावर असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय दहा ते पंचाहत्तर. प्रस्ताव तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायचा, तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती मंजुरी देते. पण देवळात दगावलेल्या आणि सकाळीच दहन केलेल्या माणसाचं काय? पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, दवाखान्याची चिठ्ठी नाही. मृत्यूच्या नोंदीत 'झटका' किंवा 'अल्पशा आजाराने'. मग दोन लेकरं पदरात घेऊन बाई कार्यालयाच्या पायऱ्या चढते आणि आम्ही तिला काय सांगायचं? सर्पदंश झाला हे साऱ्या गावाला माहीत, फक्त कागदाला माहीत नाही. अशा प्रस्तावांच्या फायली हाताळताना जीव कासावीस होतो. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मृत्यूच्या दिवशीच घरच्यांना थांबवून पंचनामा आणि शवविच्छेदनाचं समजावलं पाहिजे. त्या वेळी ते कठोर वाटतं, पण तेराव्यानंतर ते करता येत नाही.

रब्बीचंही बोलू. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. अंधारात दंड फोडत, हातात खोरं आणि पायात स्लीपर घालून फिरणाऱ्या माणसाला सावध राहा म्हणणं सोपं आहे. दिवसाची वीज हीसुद्धा सर्पदंशावरचा उपाय आहे, आणि मुळीपेक्षा खात्रीचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. तिच्यासाठी गायरान जागेचा विषय ग्रामसभेत निघाला की नुसती भांडणं होतात. जागा द्यावी की न द्यावी हे गावानं ठरवावं, पण ठरवताना रात्री पाणी धरणाऱ्यांचे पायही डोळ्यांसमोर ठेवावेत.

तोवर घुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. फवारणीच्या एका औषधाच्या बाटलीपेक्षा ते महाग नाहीत आणि कित्येक हंगाम टिकतात. निंदताना आधी काठीनं गवत हलवा, मग हात घाला. कडब्याची गंजी आणि गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला लावू नका. धान्य उघडं ठेवलं की उंदीर येतात, उंदरामागं साप येतो. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यारीला तेवढी भिंत पुरते. सोयाबीनचा ढीग मोडताना बायका-पोरांना अनवाणी पुढं करू नका. आणि आपल्या गावापासून लस असलेला, रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना कोणता, ते याच आठवड्यात फोन करून विचारून घ्या आणि तो नंबर दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून ठेवा.